उभी राहिली की तापते!

धाकटीच्या लग्नाची पैठणी येवल्यालाच घ्यायची, तीही थेट मागावरची, हा आईचा हट्ट. मग काय, शनिवारी पहाटेच पुणं सोडलं. मी, आई आणि माझी सेकंडहँड हॅचबॅक, जिचे हप्ते अजून दोन वर्षं फेडायचेत.

गाडी अधूनमधून तापायची. पुण्यातल्या एका गॅरेजने थर्मोस्टॅट बदलून साडेतीन हजार घेतले होते, त्यामुळे मी निर्धास्त. नगरपर्यंत काटा मध्यावर, शहाण्या मुलासारखा. शिर्डीच्या गर्दीत तो वर सरकला आणि एसी गरम हवा फेकायला लागला. कोपरगावच्या रस्त्याला लागलो, पुन्हा खाली. म्हटलं, ऊन आहे, चालायचंच. येवल्यात शिरलो, ट्रॅक्टर आणि रिक्षांच्या मध्ये दहा मिनिटं अडकलो आणि काटा थेट लाल पट्ट्यात!

गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, बॉनेट उघडलं. रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार तेवढ्यात समोरच्या गॅरेजमधले काका ओरडले, ‘‘ओ ताई, घरी कुकरची वाफ न जिरवता झाकण उघडता का?’’ आत दाबाखालचं उकळतं पाणी असतं. झाकण सैल झालं की ते तोंडावरच येतं.

काकांनी एकच प्रश्न विचारला. ‘‘गाडी पळताना तापते, का उभ्या उभ्या?’’

हा प्रश्न पुण्यात कुणी विचारलाच नव्हता. मीही सांगितलं नव्हतं म्हणा.

इंजिन गार व्हायला तासभर लागणार होता. पोटात गोळा आलेला. हेड गॅस्केट गेलं असेल तर पैठणीचं बजेट गाडीतच जाणार. आई मात्र निवांत. बोळात खटखट आवाज येत होता, त्या दिशेने मला घेऊन गेली. घरातल्या पुढच्या खोलीतच माग. पदरावरच्या मोराला प्रत्येक रंगाची वेगळी कांडी; विणणाऱ्या काकू एकेक धागा हाताने घालत होत्या. आईने पदर उलटा करून पाहिला. अस्सल पैठणी मागूनही पुढून दिसते तशीच दिसते, मागे लोंबते धागे नसतात. तिचा सौदा पंधरा मिनिटांत पटला. जांभळी, सोनेरी काठाची.

परत आलो. काकांनी फडकं धरून झाकण उघडलं. पाणी थोडंच कमी, त्यात तेलाचा तवंग नाही. ऑइलची पट्टी ओढून पाहिली. ऑइल दुधाळ नाही, म्हणजे गॅस्केट बहुतेक शाबूत. मी श्वास सोडला. पाणी भरून गाडी चालू ठेवली. वरचा पाइप गरम झाला, थोड्या वेळाने खालचाही. थर्मोस्टॅट उघडतोय. काटा वर चढला, पण पंखा ढिम्म!

‘‘पळताना समोरून वारा लागतो, पंख्याची गरज नाही. उभी राहिली की सगळी भिस्त पंख्यावर. तुमचा एसी पण म्हणूनच गरम फेकत होता.’’

गाडी बंद करून त्यांनी बॅटरीवरून पंख्याला थेट वायर जोडली. भर्रकन फिरला. मोटर ठीक. फ्यूजही ठीक. मग पंख्याचा रिले काढून तिथे हॉर्नचा, तसाच दिसणारा रिले बसवला. गाडी तापली आणि पंखा आपोआप सुरू. म्हणजे काडेपेटीएवढा तो रिलेच गेला होता. माझे साडेतीन हजार थर्मोस्टॅटवर!

स्पेअरचं दुकान दुपारी बंद. ‘‘असंच जा, पुण्यात नवीन टाका,’’ काका म्हणाले. शंभर रुपये घेतले, तेही आईने बळंच दिले म्हणून.

निघताना मुक्तिभूमीवर थांबलो. याच येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. पुढे १९५६ मध्ये नागपूरला दीक्षा घेतली. नव्या रिलेच्या भरवशावर दहा मिनिटं गाडी मुद्दाम चालूच ठेवली आणि आईला काट्यासमोर बसवलं. आम्ही आळीपाळीने आत जाऊन आलो. काटा हलला नाही.

मग हॉर्नशिवाय कोपरगाव, शिर्डी आणि नगर. मांडीवर पैठणीची पिशवी घेऊन आई काच खाली करून ओरडत होती, ‘‘ओ दादा, सरका जरा!’’

हॉर्नपेक्षा लवकर सरकत होते लोक.