चहाआजींचं देणं

आमची जुळी 2010 च्या ऑक्टोबरात लेस्टरला झाली, दिवस भरायच्या पाच आठवडे आधी. थोरली तेव्हा तीन वर्षांची होती. बाळंतपणाला आई यायची ठरलं होतं, तिकीटही काढून झालं होतं. पण सप्टेंबरात मिरजेला बाबांना अर्धांगवायूचा झटका आला आणि तिला तिथून हलता येईना. नवऱ्याला कंपनीने ग्लासगोच्या कामावर टाकलेलं. तो सोमवारी पहाटे निघायचा आणि शुक्रवारी रात्री उशिरा घरी यायचा. व्हिसा नोकरीला बांधलेला असल्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. त्यातून तो डिसेंबर ब्रिटनमध्ये 1910 पासूनच्या नोंदींतला सर्वांत थंड डिसेंबर ठरला. दुहेरी बाबागाडी बर्फातून ढकलत न्यायची म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. मी घराबाहेर पडणंच सोडून दिलं.

आपल्याकडे बाळंतिणीला बंधनं पुष्कळ, आणि त्यांतली बरीचशी मला मान्यही नाहीत. पण सव्वा महिना तिच्या हातून बाळ घेणारं कुणीतरी घरात असतं. अंगाला तेल लावायला बाई येते, शेक-शेगडी होते, रात्री बाळ रडलं की आधी आजी उठते. लेस्टरमध्ये वस्तूंची वानवा नव्हती. बेलग्रेव्ह रोडवर गुजराती दुकानांची रांगच आहे; डिंक, अळीव, बाळंतशेपा, ओवा, सुंठ, जे मागाल ते मिळतं. पण ते आणायला जाणार कोण आणि मुलं धरणार कोण?

एकाला पाजून खांद्यावर टाकेपर्यंत दुसरा उठायचा. थोरली बूट घालून दाराशी बसायची, आई बाहेर नेईल म्हणून. जानेवारी लागेपर्यंत आपण शेवटची आंघोळ कधी केली हे मला आठवून काढावं लागे. मुलं मांडीवर रडत असली तरी शेजारच्या घरात कुणीतरी रडतंय असं वाटे. फोनवर आईला ‘सगळं छान चाललंय’ म्हणायचे. तिकडे तिच्या पुढ्यात अंथरुणाला खिळलेले बाबा होते, तिला आणखी काय सांगणार?

इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत ‘हेल्थ व्हिजिटर’ असते, लहान मुलांच्या कामाचं जादा शिक्षण घेतलेली परिचारिका. बाळाच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास ती घरी येते, पुढे ठरलेल्या टप्प्यांवर भेटते, बाळाच्या नोंदींच्या लाल पुस्तकात वजनं भरते. आमच्याकडे यायची ती मोठी जाणती होती. जानेवारीत तिने माझ्यासमोर 10 प्रश्नांचा एक कागद ठेवला. 1987 मध्ये स्कॉटलंडमध्ये तयार झालेली ही एडिंबरा प्रश्नावली आता जगभर वापरतात. गेल्या सात दिवसांत हसू येतंय का, विनाकारण धास्ती वाटते का, दुःखामुळे झोप लागत नाही असं होतं का, असे साधे प्रश्न. दहावा स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दलचा. मी खरं लिहिलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि मला त्यांचा गुण आला. हे मुद्दाम लिहिते, कारण आपल्याकडे या गोळ्यांचं नाव काढलं की अजूनही लोक आवाज खाली आणतात. पण गोळी काही बाळ धरत नाही. हेल्थ व्हिजिटरकडे त्या भागातली कितीतरी घरं होती. उठताना तिने विचारलं, ‘होम-स्टार्टमधून कुणी येऊ दे का तुझ्याकडे?’

ही संस्था लेस्टरचीच. मार्गारेट हॅरिसन या बाईंनी 1973 मध्ये ती तिथे सुरू केली. कल्पना अगदी साधी होती: घरात पाच वर्षांखालचं मूल आहे आणि आईबापांची ओढाताण चालली आहे, अशा घरी आठवड्यातून एकदा, दोनेक तास, कुणीतरी जायचं. जाणारी व्यक्ती बहुतेक वेळा स्वतः मुलं वाढवलेली. तिला पगार नाही, प्रवासखर्च मिळतो. मात्र कुणीही उठून जायचं असं नाही. आधी सुमारे 40 तासांचं प्रशिक्षण, पूर्वेतिहासाची तपासणी, आणि मग संस्थेची समन्वयक दोन्ही बाजूंना भेटून कुणी कुणाकडे जायचं ते ठरवते. आज ब्रिटनभर आणि इतरही अनेक देशांत हे काम चालतं. आमच्या घरी आलेल्या समन्वयकाने पहिल्यांदा विचारलं ते माझ्या आजाराबद्दल नव्हतं. ‘आठवड्यातला कुठला दिवस तुला सगळ्यात जड जातो?’ असं विचारलं. मी गुरुवार म्हणाले. शुक्रवारी रात्री नवरा यायचा. गुरुवारी अंगातलं सगळं संपलेलं असायचं.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी त्या आल्या. साठीच्या पुढच्या, ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, जन्मापासून लेस्टरमध्येच राहिलेल्या इंग्रज बाई. मोज्यांच्या कारखान्यात काम केलेल्या, पुढे शाळेच्या स्वयंपाकघरात. त्यांचं नाव लिहीत नाही. माझी थोरली त्यांना पहिल्या महिन्यातच ‘चहाआजी’ म्हणायला लागली, कारण आल्या आल्या त्यांना चहा लागे, आणि आमच्या घरात तेच नाव रुळलं. दाराशी आमचे बूट काढलेले बघून त्यांनीही न विचारता बूट काढले. पुढच्या खेपेला पिशवीतून स्वतःच्या सपाता घेऊन आल्या आणि जाताना त्या आमच्याच दाराशी ठेवून गेल्या. निळ्या, लोकरी अस्तराच्या, टाचेशी झिजलेल्या. मधले सहा दिवस त्या सपाता तिथे दिसायच्या. कुणीतरी परत येणार आहे, याचा तेवढा पुरावा मला पुरायचा.

त्यांच्या हातात वही नसे. ही गोष्ट बाहेरून क्षुल्लक वाटेल. पण त्या दिवसांत माझ्याकडे येणारं प्रत्येक माणूस काहीतरी नोंदवून घ्यायला आलेलं असे: मुलांचं वजन, माझा रक्तदाब, घरातलं तापमान. ती माणसं नसती तर आमचं काय झालं असतं कुणास ठाऊक. तरी त्यांच्यासमोर मी परीक्षेला बसल्यासारखी बसायचे. बेसिनमधली भांडी झाकायचे. चहाआजी स्वयंपाकघरात येऊन विचारायच्या, ‘आज मी काय धरू, बाळ की झाडू?’ निवड माझी. कधी त्या एकाला घेऊन बसत आणि मी दुसऱ्याला निवांत पाजत असे. कधी थोरलीशी पत्ते मांडत आणि मी दार लावून आंघोळीला जाई. एका गुरुवारी तर मी नुसती पडून राहिले आणि त्यांनी तिघांना सांभाळलं. माझं घर हातात घ्यायचा प्रयत्न त्यांनी एकदाही केला नाही. ‘आमच्या वेळी’ हे शब्द त्यांच्या तोंडून ऐकल्याचं मला आठवत नाही. मुलं वाढवलेली बाई असून हे कसं जमलं असेल, असं आता माझ्या वयात आल्यावर वाटतं. सल्ला अगदी जिभेवर येऊन बसलेला असतो.

एकदाच त्यांनी आपणहून काही ठरवलं. मार्च संपत आला होता. ‘आज बसने जाऊ,’ म्हणाल्या. माझ्या पोटात गोळा आला. दुहेरी गाडी, तीन मुलं, बसमध्ये गाडीची जागा रिकामी नसली तर? ‘तर पुढची बस,’ म्हणाल्या. पहिल्या बसमध्ये खरंच जागा नव्हती. दुसरी आली. त्यांनी गाडीचं पुढचं टोक उचललं, मी मागचं, आणि थोरलीने ड्रायव्हरच्या हातात पैसे दिले. आम्ही बेलग्रेव्ह रोडला उतरलो. तिथलं पहिलं दुकान त्यांनी मला दाखवलं. त्यांना तो रस्ता माझ्यापेक्षा किती तरी जुना ठाऊक होता.

त्या बसमध्ये त्यांनी स्वतःबद्दल थोडं सांगितलं. 1972 साली इदी अमीनने युगांडातून आशियाई लोकांना हाकललं, तेव्हा लेस्टरच्या नगरपरिषदेने तिकडच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती की आमच्या शहरात येऊ नका. तरी लोक आले, आणि बेलग्रेव्ह रोड आज आहे तसा झाला. चहाआजी तेव्हा विशीतल्या होत्या. नवऱ्याने घर सोडलं होतं, तीन मुलं पाठोपाठची, धाकटं अजून अंगावर पिणारं. कारखान्यात शेजारच्या यंत्रावर कंपालाहून आलेली एक गुजराती बाई होती. ती डब्यातली अर्धी पोळी यांना द्यायची. आणि नुकत्याच सुरू झालेल्या होम-स्टार्टमधून एक बाई दर आठवड्याला घरी यायची. ‘ती काय करायची, ते मला आता नीटसं आठवत नाही,’ त्या म्हणाल्या. ‘पण ती यायची.’ एवढं सांगून त्या थोरलीला खिडकीतून काहीतरी दाखवायला लागल्या.

त्या दिवशी डिंक आणला. पुढच्या गुरुवारी आम्ही डिंकाचे लाडू केले, बाळंतपणाला पाच महिने उलटून गेल्यावर. आई मिरजेहून स्पीकरवर. ‘डिंक बारीक कर, आच मंद ठेव, घाई केलीस तर आतून कच्चा राहील.’ चहाआजी स्वयंपाकघरातच खुर्ची घेऊन, दोन्ही मांड्यांवर एकेक बाळ ठेवून बसल्या होत्या. तुपात टाकल्यावर डिंकाचा खडा टम्म फुगून पांढरा होतो, ते त्यांनी दोन-तीनदा बघायला मागितलं. सुकं खोबरं भाजलं, खारकेची पूड घातली, गुळाचा पाक केला. पाक हाताला चटके देत होता तरी मी लाडू वळत होते आणि फोनवर आई विचारत होती, ‘त्या बाई आहेत ना अजून? त्यांना म्हणावं, पहिला लाडू त्यांचा.’ मी तसं सांगितलं. मग आई एकदम रडायलाच लागली. चहाआजींना मराठीतलं अक्षर कळत नव्हतं. त्यांनी फोनजवळ तोंड नेऊन मोठ्याने सांगितलं, ‘तुमची मुलगी बरी आहे. जेवते. मी बघते.’ आईला तेवढं इंग्रजी समजलं. पुढे बाबा गेले, आईही गेली; पण आई होती तोवर त्या काळाचा विषय निघाला की म्हणायची, माझं बाळंतपण त्या बाईने केलं. आईच्या तोंडी याहून मोठा मान दुसरा नव्हता.

पुढचा हिवाळा लागेपर्यंत त्या येत राहिल्या. मुलं चालायला लागली, मी थोरलीला शाळेत सोडून जुळ्यांना घेऊन चर्चच्या हॉलमधल्या खेळगटात जायला लागले, तिथे ओळखी झाल्या. मग समन्वयकाबरोबर बसून आम्ही दोघींनी ठरवलं की आता पुरे. असं ठरवून थांबणं हाही त्यांच्या कामाचाच भाग आहे. माणूस कायमचं अवलंबून राहू नये, हे सुरुवातीपासून सांगितलेलं असतं. मी शाल आणली होती. महागाचं काही घेता येत नाही, असं म्हणून त्यांनी ती परत केली आणि लाडवांचा डबा घेतला. सपाता पिशवीत घातल्या.

आम्ही 2014 मध्ये पुण्याला परतलो. त्यांचं नाताळचं कार्ड दरवर्षी यायचं, त्यात नेहमी एक ओळ असे: सध्या कुठल्या वयाच्या मुलांकडे जाते आहे. नावं कधीच नाहीत. मधल्या काळात ब्रिटनमध्ये स्थानिक संस्थांचा पैसा आटला आणि होम-स्टार्टच्या काही शाखा बंद पडल्या. स्वयंसेवक फुकट काम करतात, मग पैसे कशाला, असं विचारणारे तिथेही असतात. त्या समन्वयकाने माझा गुरुवार विचारला नसता आणि नेमक्या याच बाईंना माझ्याकडे धाडलं नसतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. ते काम पगारी माणसाचं आहे आणि त्याला पैसा लागतो.

घरी जाऊन बाळ बघायचं हे आपल्यालाही नवं नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, त्याचा अहवाल 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला, आणि आज आशाताई दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर तिसऱ्या दिवसापासून 42 व्या दिवसापर्यंत सहा वेळा घरी जातात. 2018 पासून तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंतच्या पाच भेटी त्यात वाढल्या. तुटपुंज्या मानधनावर त्या जे करतात त्याला तोड नाही. पण आमच्यासारख्या बारा मजली सोसायटीत आशाताई येत नाही. इथल्या बाईला सगळं मिळतं असं सर्वांनी गृहीत धरलेलं आहे. आठव्या मजल्यावर लातूरहून आलेली मुलगी, नवरा रात्रपाळीला, सासू-सासरे गावी, बाळ पोटदुखीने रात्रभर किंचाळतं. लिफ्टमध्ये तिला बघितलं तेव्हा तिच्या दोन पायांत दोन वेगळ्या चपला होत्या. मी त्याच आठवड्यात तिच्याकडे गेले. अमुक करायला आले असं काही सांगितलं नाही. गुरुवारी दोन तास मोकळी असते, आले तर चालेल का, एवढंच विचारलं.

आता असं जाणाऱ्या आम्ही चौघी आहोत. घरच्या सपाता पिशवीतून नेतो. वही नेत नाही. जिच्याकडे जातो तिच्या घरातलं बाहेर बोलत नाही, आपसांतही गरजेपुरतंच. औषधाचं विचारलं तर डॉक्टरांकडे सोबत जातो, घरगुती उपाय सांगत नाही. आणि दहाव्या प्रश्नासारखं काही कानावर आलं तर एक दिवसही थांबत नाही; त्यासाठी जवळच्या एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी आम्हाला नीट शिकवलं आहे. सध्या पाच घरी जातो. बी विंगमध्ये बीदरकडची एक मुलगी आली आहे, तीन आठवड्यांचं बाळ. तिचं हिंदी अडखळतं आणि मराठी समजतं पण बोलता येत नाही. तिच्यासाठी कन्नड येणारी, मुलं मोठी झालेली, मंगळवारी दुपारी मोकळी असणारी कुणीतरी हवी आहे. ए विंगमधल्या कुलकर्णीकाकूंचं माहेर धारवाडचं आहे असं परवा कळलं. उद्या त्यांच्याकडे जाणार आहे.