दुपारचा अंधार

रात्री लालबागचा उड्डाणपूल उतरला की डाव्या हाताला तेवढी राणीची बाग काळी दिसते. बाकी सगळीकडे पांढरेफटक एलईडी. परवा बसमध्ये पुढच्या सीटवरच्या चिमुरडीनं तिकडे बोट दाखवून विचारलं, "आई, तिकडचे लाईट गेलेत का गं?" आई म्हणाली, "बाग झोपलीय."

झोपते कसली! १८६२ पासूनची ही बाग तिकीटवाले घरी गेल्यावर खरी जागी होते. वटवाघळं चरायला बाहेर पडतात. गोरखचिंचेचं फूल तर उमलतंच दिवेलागणीला, वटवाघळांच्या भरवशावर.

मला अंधाराची भीती कधी वाटली नाही. आमच्या घरी तो रोज दुपारी तयार व्हायचा.

बाबा गिरणीच्या साचेखात्यात, तिसऱ्या पाळीला. सकाळी केसांत कापसाची पिंजण घेऊन यायचे, चहा-चपाती खाऊन आडवे व्हायचे. मग आई खिडकीच्या फळ्या लावायची, वरून गोधडी टांगायची, फटींत जुनी लुगडी कोंबायची. दहा बाय दहाच्या खोलीत भर बाराला मध्यरात्र. स्टोव्ह गॅलरीत, भांडी घासणं बंद, आमचं बोलणं खुणांनी. शेजारच्या काकू दारावर टकटक न करता नुसती कडी हलवायच्या.

फळीतली एक गाठ निखळून पडली होती. गोधडी तिथं विरलेली. त्या भोकातून समोरच्या भिंतीवर रस्ता उतरायचा, उलटा. तांबडी डबलडेकर चाकं वर करून जायची. भाजीबाजाराच्या हातगाड्या डोक्यावर चालायच्या, हमालांचे पाय आढ्याकडे. दिनदर्शिकेवरच्या गणपतीच्या सोंडेवर एखादी टॅक्सी क्षणभर थांबायची. मी आणि धाकटी श्वास रोखून बघत बसायचो. पॅलेस टॉकीज फार पुढची गोष्ट. आमचा पहिला सिनेमा तो, मुका आणि फुकट. आईला भोक दिसलं असणारच. तिनं तेवढं एक बुजवलं नाही. पुढं शाळेत बाईंनी पुठ्ठ्याच्या डब्याला भोक पाडून हेच करून दाखवलं तेव्हा सगळा वर्ग ओरडला. आम्हाला त्यात काही विशेष वाटलं नाही. डब्यात बस मावत नव्हती.

बाबांची रात्रपाळी दिव्यांमुळेच. विजेचे दिवे येण्याआधी गिरण्या सूर्याच्या हिशेबानं चालत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दिवे आले आणि कामाचा दिवस पंधरा-पंधरा तासांवर गेला. पुरुष कामगाराला बारा तासांची मर्यादा मिळाली ती १९११ च्या कायद्यानं. त्यामुळे कुणी प्रकाशाचे गोडवे गायला लागलं की मी जरा सावरून बसतो.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. गोधडी पहिल्यांदाच अंगावर घ्यायला मोकळी झाली. खोलीत दुपारी ऊन आलं आणि भिंतीवरची बस नाहीशी झाली. बाबांना मात्र रात्री झोप येईना. बारा वाजले की उठून गॅलरीत जायचे. तिथं आधीच दोघं-तिघं बिड्या ओढत बसलेले, सगळे तिसऱ्या पाळीचे. पत्ते निघायचे, संपाचे पुढारी डॉक्टर सामंत यांच्यावरून वाद व्हायचे, तेही दबक्या आवाजात. कुणीतरी झोपलंय ही सवय अंगात मुरलेली. आई आतून कडी लावताना म्हणायची, "हजेरी लावून लवकर या."