चौदा सामने, शून्य विजय : टँपा बे बकेनियर्सच्या पराभवांचा इतिहास

१.
इतिहास बहुधा जेत्यांचा लिहिला जातो. खेळाचा इतिहास तर विशेषच. पराभूतांच्या वाट्याला त्यात आकड्यांची एखादी ओळ येते आणि ती वाचून लोक पुढे जातात. अमेरिकन फुटबॉलच्या नोंदींत अशीच एक ओळ आहे : १९७६, टँपा बे बकेनियर्स, सामने १४, विजय ०. हे शून्य कसे घडले, त्याविषयीचा हा #थ्रेड.

२.
प्रथम खेळाविषयी थोडेसे. हा मुख्यतः पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. दोन्ही बाजूंना अकरा खेळाडू, लंबगोल चेंडू आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकण्याची अट. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या अंतिम पट्ट्यात नेला की टचडाउन, म्हणजे सहा गुण. आक्रमणाचे खेळाडू वेगळे, बचावाचे वेगळे. एनएफएल या व्यावसायिक लीगच्या हंगामात तेव्हा प्रत्येक संघ १४ सामने खेळत असे, साधारण आठवड्याला एक. एका पराभवाची सल पुढच्या सामन्यापर्यंत सोबत राही.

३.
१९७६ साली या लीगमध्ये २६ संघ होते. त्यांत दोन नव्यांची भर पडली : वायव्येकडील सिअ‍ॅटल आणि फ्लोरिडातील टँपा. टँपाचे मालक ह्यू कल्व्हरहाउस हे करविषयक कायद्याचे वकील. प्रवेशशुल्क सुमारे १ कोटी ६० लाख डॉलर. संघाचे नाव बकेनियर्स, म्हणजे समुद्री चाचे. पोशाख नारिंगी आणि शिरस्त्राणावर डोळा मिचकावणारा चाचा. पुढे याच चित्राची मनसोक्त टिंगल झाली.

४.
एवढा पैसा मोजून हाती काय आले? जुन्या संघांनी आपले बहुतेक मोलाचे खेळाडू राखून ठेवायचे आणि उरलेल्यांतून नव्या संघांनी निवड करायची, असा नियम होता. प्रत्येक जुन्या संघाने तीन खेळाडू गमावले. एकूण ७८, प्रत्येक नव्या संघाच्या वाट्याला ३९. हे बहुतांशी वय झालेले, दुखापतग्रस्त किंवा मालकांना नकोसे झालेले खेळाडू होते. पंगत उठल्यावर आलेल्या पाहुण्याला जे मिळते, ते टँपाला मिळाले.

५.
दुसरा मार्ग महाविद्यालयीन खेळाडूंच्या निवडीचा, म्हणजे ड्राफ्टचा. त्यात टँपाला पहिला मान मिळाला. संघाने ओक्लाहोमा विद्यापीठाचा बचावपटू ली रॉय सेल्मन निवडला आणि दुसऱ्या फेरीत त्याचाच भाऊ ड्यूई. प्रशिक्षक जॉन मॅके हे महाविद्यालयीन फुटबॉलमधील मोठे नाव. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाला त्यांनी चार राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली होती. विजयाची सवय जडलेला हा माणूस आता उरल्यासुरल्या खेळाडूंचा संघ उभा करणार होता.

६.
१२ सप्टेंबर १९७६. पहिला सामना ह्यूस्टनमध्ये : ०-२०. दुसरा घरच्या मैदानावर सॅन डिएगोविरुद्ध : ०-२३. तिसऱ्यात गुण मिळाले, टचडाउन नाही. पहिला टचडाउन चौथ्या सामन्यात झाला आणि तोही आक्रमणाने केलेला नव्हे. बाल्टिमोरच्या खेळाडूच्या हातून निसटलेला चेंडू उचलून बचावपटू डॅनी रीस धावत सुटला. तो सामनाही टँपाने १७-४२ असा गमावला.

७.
१७ ऑक्टोबरला सिअ‍ॅटलशी गाठ पडली. दोन्ही नवजात संघ, दोन्ही तोवर विजयाविना. टँपाला याहून चांगली संधी मिळणार नव्हती. अखेरच्या क्षणी बरोबरी साधून देणारा गोल प्रतिस्पर्ध्याने अडवला आणि सिअ‍ॅटल १३-१० असे जिंकले. पुढच्याच आठवड्यात मायामीकडून २०-२३ अशी हार. दोन्ही सामन्यांत अंतर केवळ तीन गुणांचे होते. नोंदीत मात्र थोडक्यात गेलेल्या सामन्याला वेगळा रकाना नसतो.

८.
त्यानंतर मात्र संघाचे पुरते पानिपत झाले. डेन्व्हरने ४८ गुण केले, पिट्सबर्गने ४२. क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाचा सूत्रधार, होता स्टीव्ह स्परियर. १९६६ साली सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूचा हाइसमन पुरस्कार मिळवणारा फ्लोरिडाचा लाडका नायक. पण त्याचे रक्षण करणारी फळीच दुबळी होती. सेल्मनचा हंगामही दुखापतीने अर्धवट राहिला. अखेरचा हिशोब : १२५ गुण केले, ४१२ दिले आणि पाच सामन्यांत एकही गुण नाही.

९.
देशभर हसू झाले. जॉनी कार्सन हे रात्रीच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात या संघावर विनोद करीत. खुद्द मॅके यांच्या नावावरही एक विनोद प्रसिद्ध आहे. इंग्रजीतील ‘एक्झिक्यूशन’ या शब्दाचे दोन अर्थ : अंमलबजावणी आणि देहदंड. ‘तुमच्या आक्रमणाच्या एक्झिक्यूशनबद्दल काय मत?’ असे विचारता ते उत्तरले म्हणे, ‘माझी संमती आहे.’ विनोद अजरामर झाला. ज्यांच्यावर तो होता, त्यांना मात्र पुढच्या रविवारी पुन्हा मैदानात उतरायचे होते.

१०.
१९७७. पुन्हा सलग बारा पराभव. त्या बारा सामन्यांत मिळून अवघे ५३ गुण. पराभवांची साखळी २६ वर पोहोचली. १९७० साली दोन लीगांचे एकत्रीकरण झाल्यानंतरची ही सर्वांत लांब साखळी. पण आकडे नीट पाहिले, तर त्याच हंगामात दुसरे काही घडत होते. पहिल्या वर्षी ४१२ गुण देणाऱ्या बचावाने या वर्षी २२३ च दिले. विजय अजून दिसत नव्हता, पण संघ घडू लागला होता.

११.
११ डिसेंबर १९७७, न्यू ऑर्लिन्स. बचावपटूंनी प्रतिस्पर्ध्याने फेकलेले चेंडू हवेतच पकडून तीन वेळा थेट टचडाउन केले. टँपा ३३, न्यू ऑर्लिन्स १४. पहिला विजय, तोही परक्या मैदानावर. परतल्यावर हजारो चाहते स्वागताला जमले होते. न्यू ऑर्लिन्सचे प्रशिक्षक हँक स्ट्रॅम यांची नोकरी त्या हंगामाअखेर गेली. पुढच्या आठवड्यात सेंट लुइसला १७-७ असे हरवून टँपाने घरच्या प्रेक्षकांनाही विजय दाखवला.

१२.
सर्वांत खाली राहणाऱ्या संघाला पुढच्या ड्राफ्टमध्ये पहिली निवड मिळते. हरलेल्याला सावरण्याची संधी देणारी ही व्यवस्था. तिच्यामुळे १९७७ साली धावपटू रिकी बेल आला. १९७८ साली क्वार्टरबॅक डग विल्यम्स संघात आला. दहा वर्षांनी वॉशिंग्टनकडून सुपर बोल जिंकणारा हा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक. १९७९ साली टँपाने १० सामने जिंकले, फिलाडेल्फियाला बाद फेरीत नमवले आणि सुपर बोलपासून संघ एका सामन्यावर येऊन ठेपला. त्या वर्षी लीगमध्ये सर्वांत कमी गुण देणारा बचाव टँपाचाच होता.

१३.
मग दोष कुणाचा? नियमांचा म्हणावे, तर त्याच नियमांखाली सिअ‍ॅटलने पहिल्या वर्षी दोन आणि दुसऱ्या वर्षी पाच सामने जिंकले. म्हणजे निवड, आखणी आणि दुखापती यांचाही वाटा होता. केवळ खेळाडूंचा म्हणावे, तर त्याचे उत्तर १९९५ साली मिळाले. तेव्हा कॅरोलायना आणि जॅक्सनव्हिल हे दोन नवे संघ आले. त्यांना ड्राफ्टमध्ये अधिक निवडी मिळाल्या आणि करारमुक्त खेळाडूंची बाजारपेठही खुली होती.

१४.
त्या दोन्ही संघांनी दुसऱ्याच वर्षी, १९९६ च्या हंगामात, सुपर बोलच्या उंबरठ्यापर्यंत मजल मारली. टँपाच्या खेळाडूंहून ते अधिक शूर किंवा अधिक कष्टाळू होते, असे मानायला आधार नाही. दरवाजा अधिक रुंद उघडला होता. पराभवाचा बराचसा भाग मैदानाबाहेर, करारांच्या कागदांवर ठरून गेलेला असतो. लाज मात्र मैदानावरच्यांनी सोसायची असते. राज्यांचा, चळवळींचा, माणसांचा इतिहास वाचतानाही ही गोष्ट ध्यानी ठेवावी.

१५.
नंतर डेट्रॉइट (२००८) आणि क्लीव्हलँड (२०१७) या संघांनी १६ पैकी १६ सामने गमावले आणि शून्यात टँपाला सोबत मिळाली. ली रॉय सेल्मन मात्र टँपा सोडून गेला नाही. नऊ हंगाम तो त्याच संघाकडून खेळला. १९७९ साली तो लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. १९९५ साली व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला. त्याचा ६३ हा क्रमांक संघाने पुन्हा कुणाला दिलेला नाही. २०११ साली त्याचे निधन झाले.

१६.
आज टँपातून जाणाऱ्या एका द्रुतगती मार्गाला त्याचे नाव आहे. रोज हजारो गाड्या त्यावरून धावतात. ज्याच्या नावाने हा रस्ता ओळखला जातो, त्याच्या पहिल्या हंगामापुढे विजयांच्या रकान्यात शून्य लिहिलेले आहे. शहराने ते शून्य पुसले नाही आणि त्याला अखेरचा शब्दही मानले नाही.