बी-आय-डी का बी-डबल-ई-डी?

परवा हापिसात मेल टाकला, 'आय विल रिसाइन टुमारो'. मला कागदावर पुन्हा सही करायची होती हो! मधला डॅश खाल्ला आणि पाचव्या मिनिटाला मॅनेजर डेस्कपाशी हजर. चहा काय पाजला, 'घरी सगळं ठीक ना?' काय विचारलं... असो.

हा घोळ मी गावाकडूनच घेऊन आलोय. मराठीत वीट, पीठ, बीड, इकार दीर्घच. ऱ्हस्व करून सहसा दुसरा अर्थ निघत नाही, म्हणून कानाला सवयच नाही. इंग्रजीत मात्र शिप म्हणजे जहाज आणि शीप म्हणजे मेंढी. आमच्या जिल्ह्याचीही तीच गत. १९६९ च्या गॅझेटियरवर तो 'भीर', २०११ च्या जनगणनेत बी-आय-डी (म्हणजे लिलावातली बोली!), लोकसभा मतदारसंघात डबल ई.

हसू नका. माझ्या जन्मदाखल्यावर आय आणि पासपोर्टवर डबल ई. व्हिसाच्या वेळी ही दोन गावं एकच आहेत हे मलाच सिद्ध करावं लागलं. ऑनसाइट जायची तारीख डोक्यावर, आणि इकडं अण्णा भर उन्हात तीन चकरा मारून स्टॅम्पपेपरवर अॅफिडेव्हिट करून आले. फोनवर म्हणाले, "आता कुणी काही म्हणायचं नाही बघ."

कुरिअर फोडलं. टायपिस्टनं 'प्लेस ऑफ बर्थ'मधला बर्थ रेल्वेच्या स्पेलिंगनं लिहिलेला. बीड शहरात रेल्वे आली सप्टेंबर २०२५ मध्ये. आमचा बर्थ त्याच्या कितीतरी आधीच कन्फर्म होता. अण्णांना मी अजून सांगितलेलं नाही.