बिननावाचा खाटीक

टोळ नाहीतर सरडा मारून काट्याला टोचून ठेवणाऱ्या पक्ष्याला मराठीत खाटीक म्हणतात. शास्त्रीय नावातलं ‘लॅनियस’ म्हणजेही लॅटिनमध्ये खाटीकच. आता यातला नेहमीचा नकल्या खाटीक ओळखायला काही लागत नाही. डोकं खायला घालतात ती तपकिरी पोरं!

गेल्या ऑक्टोबरात वाढवणला मामाकडे गेलो होतो. चिकूच्या वाडीपलीकडे बाभळीवर असंच एक पोर बसलेलं. अंगभर खवल्यांसारख्या बारीक रेघा. असा दिसला की बहुतेक तो सायबेरिया-मंगोलियाकडून हिवाळ्याला येणारा तपकिरी खाटीक असतो. पण लाल पाठीच्या खाटकाचं पहिल्या वर्षाचं पिल्लूही जवळजवळ असंच दिसतं. त्याचं घर युरोप आणि पश्चिम आशियात, हिवाळा आफ्रिकेत. शरदात आफ्रिकेकडे जाताना काहीजण कच्छ-सौराष्ट्रावरून जातात. परतीला मात्र हा रस्ता नाही, तेव्हा अरबस्तानावरून. महाराष्ट्रात तो क्वचितच.

फरक बघायचा तो मिटलेल्या पंखात आणि शेपटीत. आफ्रिकेला जाणाऱ्याच्या पंखाचं टोक लांब बाहेर आलेलं असतं. तपकिरी खाटकाचा पंख आखूड, चोच जाड, आणि शेपटीची कडेची पिसं मधल्यांपेक्षा बरीच तोकडी. माझ्या फोटोंत पंख लांब वाटत होता (वाटत होता, बरं का). शेपटी सगळीकडे फांदीआड.

मामा मागे येऊन उभा. “दुर्मिळ आहे ना? मग लिही की तसं. बंदराच्या भांडणात कुठे तरी उपयोगी पडेल.”

त्याचं चुकत नव्हतं. १९९१ साली डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. १९९८ मध्ये प्राधिकरणाने बंदराला नकार दिला, २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने परवानगी दिली, आणि ३० ऑगस्ट २०२४ ला पायाभरणीही झाली. शहात्तर हजार कोटींचं काम! त्यासमोर माणूस हाताला लागेल ते उचलणारच.

तरी मी नाव लिहिलं नाही. एक दिवस थांबून जाणारा पाहुणा या किनाऱ्याची बाजू काय मांडणार? ती मांडायची तर रोज इथे असणाऱ्यांनी: खडकांवर चरणारे पाणपक्षी, मासळी, आणि त्या मासळीवर घर चालवणारे. आणि उद्या कुणी जाणकाराने तो फोटो खोडून काढला, तर यादीतल्या खऱ्या नोंदींवरही शंका येईल. ई-बर्डवर “खाटीक, जात अनिश्चित” असं टाकलं, पंखाबद्दल दोन ओळी लिहिल्या, फोटो जोडले.

“म्हणजे तासभर उन्हात उभा राहून नाव नाहीच?” मामा म्हणाला. मामीला हसू आवरेना. जेवताना मात्र त्यानेच विचारलं, “शेपटी कुठून दिसते रे नीट?”

खालून, मामा. पसरली की.

तर मंडळी, सप्टेंबर-ऑक्टोबरात डहाणू-बोर्डीकडे जाणार असाल आणि कुंपणावर असा रेघांचा तपकिरी खाटीक दिसला, तर चेहऱ्याचे फोटो दोनच पुरेत. बाकी सगळे पंखाचे आणि शेपटीचे काढा.