शब्दाचा पक्का

‘शब्दाचा पक्का माणूस’ ही पदवी मला माझ्या व्यापारी मित्रांनी दिली, ती २०१९ च्या महापुरानंतर. त्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी गणपती पेठेतील आमच्या दुकानात शिरले. साखर विरघळून गेली, कडधान्यांना मोड आले, वह्यांचा लगदा झाला. तरीही दिवाळीपूर्वी प्रत्येक पेढीचे देणे चुकते करायचे, असा मी निश्चय केला आणि तो पाळला. पुढे एका समारंभात शाल मिळाली, तेव्हा मान जरा ताठच झाली होती.

ते देणे कशातून फिटले, हे मात्र तेथे कोणी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. एके रात्री पत्नीने सासूबाईंकडून आलेल्या सोन्याच्या पाटल्या कपाटातून काढून माझ्यापुढे ठेवल्या होत्या. ‘‘पुढच्या दिवाळीला सोडवून आणतो,’’ असे मी म्हणालो. पुढच्या वर्षी टाळेबंदी आली. पाटल्या राहिल्या त्या राहिल्याच.

गेल्या वर्षी नातीच्या प्रवेशासाठी साताऱ्यास जाणे झाले. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या समाधीपुढे हात जोडून उभा राहिलो. कुंभोजला जैन कुटुंबात जन्मलेला हा पुरुष. १९१९ मध्ये काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह उभारले. सर्व जातींची मुले तेथे एका पंक्तीत जेवत. अशा निश्चयाचे आपण पोवाडे गातो. पण मुलांसाठी धान्य उरले नाही, तेव्हा अंगावरचे दागिने आणि अखेरीस मंगळसूत्रही देणाऱ्या लक्ष्मीबाई १९३० मध्येच निवर्तल्या. संस्थेचा वटवृक्ष झालेला त्यांनी पाहिला नाही. कर्मवीरांचा निश्चय मोठा खराच. परंतु त्याच्या मुळाशी लक्ष्मीबाईंचे सोने होते.

तेथे उभा असताना मला शाल आठवली आणि लाज वाटली. मनुष्यस्वभावच असा विचित्र आहे. परक्याने शंभर रुपये उसने दिले तर आपण ते वहीत लिहून ठेवतो. घरच्या माणसाने सर्वस्व दिले तर त्याची नोंद कोठेच होत नाही. परक्याच्या ऋणाला मुदत असते, घरच्या ऋणाला आपण गृहीत धरतो.

परत आल्यावर पत्नीला विचारले, ‘‘पाटल्यांचे वाईट वाटते का?’’

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘सोन्याचे नाही वाटत. तुम्ही नंतर एकदाही त्यांचे नाव काढले नाही, त्याचे वाटते.’’

व्यापारात चाळीस वर्षे काढलेल्या मला या हिशेबाला उत्तर देता आले नाही. दरवर्षी क्षमावाणीला मी गावभर हात जोडत फिरतो. घरातल्या या एका व्यक्तीची क्षमा मागायची मात्र राहून गेली होती.

दिवाळीच्या पाडव्याला वहीपूजन झाले. मुले, सुना, नातवंडे भोवती बसली होती. नव्या वहीच्या पहिल्या पानावर मी तिचे नाव लिहिले आणि पाटल्यांची त्या वेळची रक्कम तिच्या नावे जमा मांडली. मुलांना त्या रात्रीची हकिकत प्रथमच सांगितली. धाकट्या सुनेच्या डोळ्यांत पाणी आले.

पत्नीने मात्र चष्मा लावून ती नोंद दोनदा वाचली आणि म्हणाली, ‘‘ठीक आहे. व्याज कोणत्या तारखेपासून धरणार?’’