झाकण

भेट देणाऱ्याने भेट देऊन मोकळे व्हावे. पुढे तिचे काय झाले हे पाहायला जाऊ नये, असे माझे मत गेल्या दिवाळीपासून झाले आहे.

आमच्या घरी एक जुनी पिकअप आहे. वडिलांनी १९९९ साली घेतलेली, डिझेलवर चालणारी. वडील गेल्यावर ती दादाकडे आली, आणि मी शहरात प्राध्यापक असल्यामुळे तिच्याविषयी लांबून काळजी करण्याचे काम तेवढे माझ्या वाट्याला आले. गेल्या वर्षी गणपतीच्या सुमारास कोणीतरी रात्री तिच्या टाकीतले डिझेल काढून नेले. हे कळताच मी पुण्याहून किल्लीचे एक चकचकीत झाकण घेऊन गेलो आणि स्वतःच्या हाताने टाकीला बसवले. दादा म्हणाला, "झकास!" मी धन्य झालो.

त्याच पंधरवड्यात गाडी बिघडली. पण इंजिन बंद पडले म्हणून झाकणाचा संशय कोणाला यावा? चढ लागला की ती धापा टाकी आणि उभी राही. पाऊण तास थांबले की पुन्हा मुकाट्याने चालू होई. टाकी काठोकाठ भरलेली असली की लवकर रुसे, अर्धी असली की लांबवर जाई. गॅरेजवाल्यांनी फिल्टर बदलला, रबरी नळी बदलली आणि शेवटी "पंप उतरवावा लागेल" असे सांगितले. एका पहाटे टोमॅटोचे साठ क्रेट रस्त्यातच अडकले. दादा नारायणगावच्या बाजारात पोहोचला तेव्हा लिलाव संपला होता.

मी मात्र पुण्याहून फोनवर व्याख्यान देत होतो. "दादा, तुझे गाडीकडे लक्षच नाही. वडील कशी ठेवायचे!" तो नुसते "होय रे" म्हणायचा.

दिवाळीत गेलो तर म्हणाला, "विकून टाकू. भंगारात जाईल. निम्मे पैसे तुझे." भावाभावांत हिशेबाची भाषा आमच्याकडे पहिल्यांदाच निघाली. मला रात्रभर झोप आली नाही. सकाळी उठून मी वडिलांच्या वेळच्या म्हाताऱ्या मिस्त्रींना घेऊन आलो.

त्यांनी इंजिनाकडे पाहिलेही नाही. "डिझेल टाकीतनं निघतं न् इंजनात जातं. आपणबी टाकीकडनंच निघावं," असे म्हणून त्यांनी फिल्टरच्या अलीकडे एक पारदर्शक नळी जोडली आणि गाडी चढावर न्यायला सांगितली. थोड्याच वेळात नळीतून बुडबुडे पळू लागले.

"म्हणजे कुठेतरी गळते आहे!" मी विद्वत्ता दाखवली.

"गळत न्हाई, सर. पंपाच्या पुढं भोक पडलं तर डिझेल बाहेर येतं, डोळ्याला दिसतं. पंपाच्या मागं पडलं तर हवा आत जाती. बाहेरनं समदं कोरडं!"

त्यांनी एकेक सांधा आवळला. फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू सैल केला आणि हातपंप मारला. आधी फेस आला, मग बिनबुडबुड्यांची डिझेलची धार. स्क्रू आवळून पुन्हा निघालो. पुन्हा गाडी बंद! मिस्त्री क्षणभर गप्प राहिले, मग दादाला म्हणाले, "झाकणाची किल्ली आणा."

किल्ली फिरली मात्र, आणि 'हुश्श' असा लांबलचक आवाज झाला. आतली हवा बाहेर पडत नव्हती, बाहेरची आत धावत होती! लगेच गाडी सुरू झाली आणि झाकण उघडे ठेवून सावकाश चढ चढून गेली.

वाचकहो, तेलाचा डबा फोडताना आई एकाच्या जागी दोन भोके पाडायची, हे मी लहानपणापासून पाहिले आहे. एकातून तेल यायचे, दुसऱ्यातून हवा आत जायची. टाकीचेही तसेच आहे. जेवढे डिझेल जाते तेवढी हवा आत यावी लागते. म्हणून झाकणाला बारीकशी वाट असते. माझ्या भक्कम झाकणाला ती नव्हतीच. टाकीतली हवा विरळ होत जाई आणि पंपाने कितीही ओढले तरी डिझेल पुरेसे येत नसे. सैल सांध्यांतून हवा शिरे, ती त्याच ओढीमुळे. टाकी भरलेली असली की वर हवाच थोडी, म्हणून गाडी लवकर थांबे. आणि डिझेल भरण्यासाठी झाकण उघडले, की काही मैल सगळे सुरळीत!

दादाने गाडीच्या खणातून वडिलांच्या वेळचे जुने, गंजके झाकण काढले आणि मुकाट्याने बसवले.

"हे होते तर मधल्या काळात एकदा लावून का नाही पाहिलेस?" मी विचारले.

"अरे, तू एवढ्या हौसेने आणले होतेस," तो म्हणाला.

मला पुढे बोलवेना. वर्षानुवर्षे फोनवर मी काळजीने जे बोलत आलो, त्यातही दादाला उलट बोलायला कुठे एवढीशी वाट ठेवली होती? "होय रे" म्हणून तो गप्प बसे, आणि मला वाटे की सगळे ठीक आहे. बाहेरून सगळे कोरडेच होते.

गाडी विकायची गोष्ट त्यानंतर निघाली नाही. किल्लीचे झाकण मी परत आणले. ते माझ्या टेबलावर कागदांवर वजन म्हणून असते. दादाला फोन लावताना ते समोर दिसते. मग मी फक्त "कसे काय चालले आहे?" एवढेच विचारतो आणि थांबतो. आरंभी पलीकडे बराच वेळ शांतता असे. आता दादा बोलतो.